त्यात राम नाही, हे कुणी ठरवलं?

माझा भाचा ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. हुशार आहे, चांगला कमावतो आणि मामाची त्याला मनापासून काळजी आहे. आमच्या डोंबिवलीच्या घरातला बत्तीस इंची एलईडी टीव्ही एका संध्याकाळी बातम्या चालू असताना काळा पडला. आवाज तेवढा येत राहिला. मी त्याला फोन लावला. त्याने विचारलं, “किती वर्षं झाली?” म्हटलं, “नऊ.” “मग सोडा ना मामा,” तो म्हणाला, “त्यात आता काही राम नाही.”

टीव्हीला झालंय काय, हे त्याने विचारलं नाही. वय विचारलं आणि निकाल दिला. माझं भांडण भाच्याशी नाही, या निकालाशी आहे. कारण हेच वाक्य मी दुकानात ऐकलं, सोसायटीच्या जिन्यात ऐकलं आणि ज्यांनी टीव्ही दुरुस्त करायचा त्यांच्याही तोंडून ऐकलं. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ज्या पेटीला हार घालून, उदबत्ती लावून लोकांनी ‘रामायण’ पाहिलं, तिच्यात राम उरला नाही हे ठरवायला आता तिचं मागचं झाकणही उघडावं लागत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला नीट मांडायचा आहे.

आधी आमच्या टीव्हीचं काय झालं ते सांगतो. खोलीत अंधार केला, टीव्ही चालू ठेवला आणि मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरपी धरली. उजेडाच्या गोलात निवेदिकेचा चेहरा पुसटसा हलताना दिसला. म्हणजे चित्र होतं, त्याच्यामागचा दिवा गेला होता. एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांचा प्रकाश पडद्यातून आपल्यापर्यंत येतो. या पट्ट्यांवरचे दिवे बहुधा एकापुढे एक जोडलेले असतात. गणपतीच्या जुन्या तोरणातला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसंच इथेही होतं. मेकॅनिकच्या भाषेत ‘पट्टी गेली’.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. व्हिजिटचे पैसे घेतले आणि पॅनेल बदलावं लागेल, साडेनऊ हजार होतील, असं सांगून गेला. जाता जाता त्यानेही नवा घ्यायचा सल्ला दिलाच. तो खोटं बोलला, असं मी म्हणत नाही. पट्ट्या पॅनेलच्या पोटात असतात, आणि त्याच्या कंपनीच्या यादीत पॅनेल हा एकच अखंड भाग होता. पोट उघडायची मुभाच नसेल तर तो दुसरं काय सांगणार? मानपाडा रोडच्या एका गल्लीत सहा बाय आठच्या गाळ्यात बसणाऱ्या मेकॅनिकने मात्र ते पोट उघडलं. पडदा दोन्ही हातांनी, पापड उचलावा तसा अलगद उचलून बाजूला ठेवला. मागचे पांढरे कागद काढले आणि मीटर लावून एक मेलेला दिवा दाखवला. “काका, एकच पट्टी बदलली तर सहा महिन्यांत दुसरी जाईल. तिन्ही बदलू,” असं म्हणून त्याने तिन्ही बदलल्या आणि दिव्यांचा करंट थोडा कमी करून दिला. पडदा किंचित मंद दिसेल, पण पट्ट्या जास्त टिकतील, हे आधीच सांगितलं. अठराशे रुपये झाले.

एका टीव्हीची गोष्ट सांगून सगळ्या टीव्हींचा न्याय होत नाही, हे भाचा लगेच म्हणेल, आणि ते बरोबर आहे. म्हणून त्याचे मुद्दे एकेक करून घेतो. ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा निम्म्याच्या नियमाचा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुरुस्ती करू नये, हा नियम आता घरोघरी तोंडपाठ आहे. सोपा आहे म्हणून पसरला, पण तो तुलनाच चुकीची करतो. आपण टीव्हीची किंमत भरत नाही, टीव्ही चालण्याची वर्षं विकत घेतो. अठराशे रुपयांत चार वर्षं मिळाली तर वर्षाला साडेचारशे पडले. बारा हजारांचा नवा आठ वर्षं चालला तर वर्षाला दीड हजार. आता उलट बाजूही पाहा. चार हजार खर्चून वर्षभरच चालणार असेल, तर खर्च निम्म्याच्या आत असूनही ती दुरुस्ती महागच. म्हणजे हा नियम दोन्हीकडे फसतो: करण्याजोगी दुरुस्ती टाळायला लावतो आणि टाळण्याजोगी करायला लावतो. खरा प्रश्न ‘किती लागतील?’ एवढाच नाही. ‘किती लागतील आणि मग किती चालेल?’ असा आहे. त्याचं उत्तर टीव्हीच्या वयात नसतं, कोणता भाग गेला यात असतं. नऊ वर्षांच्या टीव्हीतला फुगलेला कंडेन्सर ही किरकोळ गोष्ट आहे. नऊ महिन्यांच्या टीव्हीचा फुटलेला पडदा ही जवळजवळ नव्या टीव्हीचीच किंमत आहे.

दुसरा मुद्दा विजेचा. जुना टीव्ही वीज खातो, बचतीतूनच नव्याचे पैसे सुटतात, असं सांगतात. त्यांच्या बाजूचं सर्वांत मोठं उदाहरण घेऊ: एकवीस इंची, पिक्चर ट्यूबचा जाडजूड टीव्ही. तो साधारण नव्वद वॅट घेतो असं धरा, आणि बत्तीस इंची एलईडी पंचेचाळीस. रोज पाच तास चालला तर वर्षाला ८२ युनिटचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तरी आठशेवीस रुपये. बारा हजारांचा टीव्ही या बचतीतून फेडायला साडेचौदा वर्षं लागतील, आणि तोवर नवा टीव्ही टिकेल अशी हमी विकणाराही देत नाही. शिवाय एकवीस इंचीच्या जागी बत्तीस इंची आणतो कोण? येतो तो पंचावन्न इंची, आणि तो जुन्या ट्यूबइतकीच, कधी जास्तही वीज घेतो. मोठा पडदा हवा असेल तर जरूर घ्यावा. आवड म्हणून घ्यावा. त्याला महावितरणच्या बिलाचं पुण्य चिकटवू नये.

तिसरा मुद्दा: एक दुरुस्त केलं की दुसरं जातं. हा अनुभव खरा आहे. मात्र त्याचं कारण म्हातारपणापेक्षा अर्धवट दुरुस्तीत जास्त असतं. टीव्हीतला सर्वांत कच्चा भाग म्हणजे पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. जुने मेकॅनिक त्यांना अजून कंडेन्सर म्हणतात. त्यांच्या आत द्रव असतो, उष्णतेने तो सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. भिंतीला चिकटवून लावलेला टीव्ही, वर शोभेची चौकट, मागे हवेला वाट नाही आणि बाहेर कल्याणचा मे महिना: इथे कंडेन्सर नाही फुगणार तर काय होणार? त्यातला फुगलेला एक बदलला आणि शेजारचे तीन तसेच ठेवले, तर दोन महिन्यांनी टीव्ही पुन्हा बंद पडेलच. मग आपण म्हणतो, जुन्यात राम नाही.

आपल्याकडची आणखी दोन कारणं कुठल्याच माहितीपुस्तकात नसतात. एक पाल. थंडीत टीव्हीच्या उबेला येते, बोर्डावर दोन टोकांना एकदम टेकते आणि स्वतःबरोबर सप्लायही घेऊन जाते. दुसरं, जूनच्या आरंभीचा गडगडाट. वीज जवळपास पडली की गच्चीवरून आलेल्या केबलमधून झटका सेट टॉप बॉक्सात येतो आणि तिथून टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात. वळवाच्या दिवसांत मेकॅनिककडे अशा टीव्हींची रांग लागते. पोर्ट किंवा त्यामागची चिप गेली म्हणजे टीव्ही गेला, असं होत नाही. बरेचदा दुसरा पोर्ट चालू असतो आणि तो वापरून पाहण्याचं कुणाला सुचत नाही. गडगडायला लागलं की प्लग आणि केबल दोन्ही काढा. निम्मी दुरुस्ती तिथेच वाचते.

चौथा मुद्दा सर्वांत जड आहे: भाग मिळत नाहीत आणि मेकॅनिक फसवतात. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मी वाद घालणार नाही. फसवणारे आहेत. टीव्ही दुकानात नेऊन चांगला बोर्ड काढून जुनाट बोर्ड बसवणारेही आहेत. पण कंडेन्सरसाठी पॅनेलचं बिल देणारा फक्त गल्लीतच भेटतो, असं समजायचं कारण नाही. उपाय दोन्हीकडे तोच. तपासणीची फी आधी ठरवा. टीव्ही हलवण्याआधी मागचा नंबर आणि बोर्डाचा फोटो काढून ठेवा. काय गेलंय ते मीटरवर दाखवायला सांगा. काढलेला भाग परत मागा. बिलावर भागाचं नाव आणि किती महिन्यांची हमी ते लिहून घ्या. जो मेकॅनिक या पाच गोष्टींना नाक मुरडत नाही, त्याचा नंबर जपून ठेवा.

आता भागांचं. भाग मिळत नाहीत हे अर्धसत्य आहे. कंपनीकडे मिळत नाहीत. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आपल्या शेजारच्या उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात मिळतात. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचंच घ्या. एके काळी महाराष्ट्रात क्वचितच असं गाव असेल जिथे तिचा टीव्ही नव्हता. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे टीव्ही मात्र त्या दिवशी बंद पडले नाहीत. मूळ बोर्ड मिळेना तेव्हा मेकॅनिकांनी युनिव्हर्सल बोर्ड बसवले. पॅनेलचा व्होल्टेज आणि रिझोल्यूशन जुळलं की पुरतं. कंपनी बसली तरी तिचा टीव्ही चालतो, तो या गाळेवाल्यांच्या जिवावर. पूर्ण कल्याण तालुक्यात टीव्हीचं ज्ञान कुठे साठलंय, असं कुणी विचारलं तर मी मॉलकडे बोट दाखवणार नाही.

हे ज्ञान आभाळातून पडलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आलं आणि आयटीआयच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या कोर्सला चांगले दिवस आले. शिंगवाल्या राक्षसाच्या जाहिरातीचा ओनिडा तर आपल्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वाड्याजवळच्या कुडूसला बनायचा. तेव्हा मॉडेलवार सर्किट डायग्रामची पुस्तकं बाजारात विकत मिळत. मेकॅनिक डायग्राम उलगडून बसे, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत ते त्यात लिहिलेलं असे. आज कंपन्या तो नकाशा आपल्या अधिकृत केंद्राबाहेर जाऊ देत नाहीत. आधी नकाशा लपवायचा, मग सुटा भाग विकायचा नाही, फक्त अख्खा बोर्ड किंवा अख्खं पॅनेल विकायचं, त्याची किंमत नव्याच्या आसपास ठेवायची, आणि शेवटी ग्राहकाला सांगायचं की दुरुस्ती परवडत नाही. परवडत नाही हे खरंच आहे. पण ते टीव्हीच्या स्वभावात नव्हतं. तसं ते घडवलं गेलं.

दुसरीकडे तसं घडू दिलेलं नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून टीव्हीचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं मिळायलाच हवेत, असा नियम आहे. फ्रान्सने त्याच वर्षापासून दुकानातल्या टीव्हीवर दुरुस्तीच्या सोयीचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल. पण पोर्टलवर माहिती असणं आणि दुकानात भाग असणं यात कल्याण-कसाऱ्याचं अंतर आहे. सरकारचा दुसरा हात काय करतो तेही पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. दुरुस्तीच्या बिलावरचा १८ टक्के होता तसाच राहिला. नवं घ्यायला सूट, जुनं टिकवायला नाही. भाच्याने निकाल दिला तेव्हा तराजू असा आधीच एका बाजूला झुकवलेला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नसेल.

भाचा यावर म्हणेल, “जुना एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर भंगारवाल्याला. वाया कुठे जातो?” भंगारवाला ट्यूबचा टीव्ही नेतो तो तांब्यासाठी. मानेभोवतीची कॉइल ओढून काढतो, ट्यूब फोडतो, काच टाकून देतो. त्या काचेत शिसं असतं. जुन्या एलसीडीच्या मागे ज्या बारीक ट्यूबलाइट असत त्यांत पारा असतो. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षं धुमसताना कल्याणकरांनी नाकाने सोसला आहे, कचरा ‘जातो’ म्हणजे कुठे जातो हे त्यांना तरी सांगायला नको. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचा रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी टीव्हीच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून टीव्ही टाकायचाच झाला तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. पण आधी टाकायचाच आहे का, ते ठरवा.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. वडिलांनी पहिल्या बोनसमधून आणला म्हणून टीव्ही दुरुस्त करत राहणारेही मी पाहिले आहेत. आठवण कपाटावर ठेवावी, विजेला जोडू नये. पडदा फुटला, आतून शाई सांडल्यासारखे डाग पसरले, तर पैसे घालू नका. उभ्या रेघा आल्या तर पॅनेलच्या कडेच्या पट्टीचं बाँडिंग करून मिळतं, पण ते किती टिकेल याची खात्री करणाराही देत नाही. कमी पैशांत होत असेल तरच करा. ट्यूब वीक झाली असेल तर ‘बूस्ट’ करून मिळालेले चार महिने हे उधारीचे असतात. पुराच्या पाण्यात बुडालेला टीव्ही उन्हात वाळवून लावू नका. २६ जुलै २००५नंतर आपल्या पट्ट्यात ज्यांच्या घरांत चिखल शिरला त्यांना विचारा, पाणी वाळतं पण गाळ राहतो आणि ओल धरून वीज वाहू देतो. टीव्ही स्वतः उघडण्याची हौसही नको. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. रंगीत ट्यूबच्या टीव्हीत तर वीस-पंचवीस हजारांचा मामला असतो.

उलट, नुसता ‘स्मार्ट’पणा संपला म्हणून टीव्ही टाकणं हा शुद्ध अन्याय. २०१९च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवर चालणं थांबवलं. त्या टीव्हींचे पडदे आदल्या दिवशीइतकेच चांगले होते. अशा वेळी दोन-तीन हजारांची स्टिक मागे लावली की काम भागतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी दुसरा प्लग, दुसरी वायर, दुसरा पोर्ट, सेट टॉप बॉक्स बाजूला ठेवून एक पेन ड्राइव्ह, आणि अंधारात बॅटरी, एवढं पाहायला पाव तास लागतो. त्या पाव तासात अनेकदा कळतं की बिघाड टीव्हीत नाहीच.

शेवटी एक कबुली. गेल्या पावसाळ्यात कल्याणच्या बहिणीचा, म्हणजे भाच्याच्याच आईचा, ट्यूबचा टीव्ही बंद पडला. मी त्याच मेकॅनिकला घेऊन गेलो, थोडा तोऱ्यातच. त्याने झाकण उघडलं, ट्यूबच्या मानेशी वाकून पाहिलं, मीटर लावला, दहा मिनिटं गेली. मग झाकण पुन्हा लावून आठही स्क्रू घट्ट केले आणि म्हणाला, “ताई, ट्यूबच गेलीय. यात पैसे घालू नका.” तपासणीचे दोनशे घेतले, चहा घेतला, निघाला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “बघा मामा, मी तेच म्हणत होतो.”

नाही रे बाबा, तू तेच म्हणत नव्हतास. त्याने झाकण उघडलं होतं.